चोच जावी, पाय जाऊ नये: कोंबड्यांची खाद्य-पाण्याची भांडी घरच्या घरी

आमच्या खुराड्यात आज लहानमोठ्या धरून ३८ कोंबड्या आहेत. थोड्या गावरान, थोड्या गिरिराज, आणि कुठली कुणाची हे आता कोंबड्यालाच माहीत. पहिली तीन वर्षं मी त्यांना जुन्या परातीत भरडा, म्हणजे जाडसर दळलेलं खाद्य, घालायची. परात खाली ठेवली की पाच-सहा जणी सरळ परातीतच उभ्या राहायच्या. दोन्ही पायांनी उकरून भरडा मागं फेकायचा, त्यातच घाण करायची आणि मग तोच चोचीनं चिवडायचा. कोंबडीला आयतं मिळालेलंही उकरल्याशिवाय गोड लागत नाही.

एक दिवस मी परातीखाली सोयाबीनचं रिकामं पोतं अंथरलं आणि अडीच किलो भरडा मोजून घातला. संध्याकाळी पोत्यावर सांडलेला, घाणीत मिसळलेला भरडा गोळा करून काट्यावर ठेवला. ४०० ग्रॅम भरला. म्हणजे महिन्याला १२ किलो. तेव्हा भरडा आम्हाला ३० रुपये किलोनं पडत होता, म्हणजे दर महिन्याला ३६० रुपये मातीत. मालक म्हणाले, “अगं, सांडलेलं वेचून खातातच की त्या.” खातात, पण विष्ठेसकट खातात, आणि मग रक्ती हगवण लागली की औषधाला आपण धावायचं. कोंबडीपालनात सगळ्यात मोठा खर्च खाद्याचाच. भांडं स्वस्त करायचं ते या खर्चासाठी, भांड्याचे चार पैसे वाचावेत म्हणून नव्हे.

तेव्हापासून मी घरातल्या आणि बागेतल्या मोडक्या सामानातून बरीच भांडी केली. काही जमली, काही कोंबड्यांनी नापास केली. करताना एकच बघायचं: भांड्यात चोच जाईल, पण पाय जाणार नाही. दुसरं म्हणजे उंची. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या रेषेत आली पाहिजे. त्याहून खाली असेल तर ती आत शिरते, फार वर असेल तर लहान तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, उपाशी राहतात. पाठ किती उंच हे टेप लावून मोजायला जाऊ नका, धरता धरता दमाल. कोंबडी उभी असेल तिथं शेजारी विटा रचून बघा, लगेच कळतं.

सामान भंगारातलं घ्या, पण एक गोष्ट हात जोडून सांगते. आमची डाळिंबाची बाग आहे, त्यामुळं बांधावर औषधांचे रिकामे कॅन, ड्रम पडलेलेच असतात. जाड प्लास्टिक, घट्ट झाकण, हाताला कडी. बघताच मोह होतो. त्यातला एकही कोंबड्यांना वापरायचा नाही. सात वेळा धुतला, उन्हात वाळवला, तरी नाही. गोड्या तेलाचे कॅन, पाण्याचा वीस लिटरचा जार, लोणच्याच्या बरण्या, किराणा दुकानातल्या गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या, एवढं पुष्कळ झालं.

पिल्लांचं पाणी

इथं मी शिकले ते रडून शिकले. पहिल्या खुडूक कोंबडीखाली नऊ पिल्लं निघाली होती. डालग्याखाली त्यांच्यासाठी वाटीभर पाणी ठेवलं आणि मी शेतात गेले. परत आले तर दोन पिल्लं वाटीत मेलेली. चार बोटं खोल पाणीसुद्धा नव्हतं. पिल्लू एकदा ओलं झालं की गारठतं, उठायची ताकद राहत नाही, आणि दुसरं त्याच्यावर चढतं.

आता मी लोणच्याची किलोची प्लास्टिकची बरणी घेते. तोंडाच्या काठाला समोरासमोर दोन खाचा पाडायच्या, करंगळीचं नख मावेल एवढ्या, साधारण एक सेंटिमीटर. सुरी तापवली की सहज पडतात. बरणी पाण्यानं काठोकाठ भरायची, वर ताटली पालथी घालायची, दोन्ही घट्ट धरून एका झटक्यात उलटं करायचं. खाचेतून पाणी ताटलीत येतं, खाच बुडाली की थांबतं. पिल्लांनी प्यायलं की तेवढंच पुन्हा येतं. ताटलीची कड मात्र खाचेपेक्षा उंच हवी, नाहीतर थांबणारच नाही. ताटली बरणीच्या तोंडापेक्षा थोडीच मोठी असावी, भोवती फक्त दोन बोटांची खाई राहावी. त्या खाईत पहिला आठवडा स्वच्छ धुतलेले गोटे टाकून ठेवते. पिल्लू गोट्यांच्या फटीतून पितं, पण त्यात बसू शकत नाही.

ताटली जमिनीवर न ठेवता एका फरशीच्या तुकड्यावर ठेवा. नाहीतर तासाभरात भुसा पाण्यात आणि पाणी भुशात.

मोठ्यांसाठी तेलाच्या कॅनचं पाणभांडं

माझ्या सगळ्या उद्योगांत हे सगळ्यात जास्त चाललं. पाच लिटरचा तेलाचा कॅन आणि कुंडीखाली ठेवतात ती प्लास्टिकची ताटली. कॅन घरचा, ताटली तेव्हा ४० रुपयांना मिळाली.

कॅन आधी गरम पाणी आणि भांड्याच्या साबणानं दोन-तीनदा खळखळून घ्यायचा. तेलाचा ओशटपणा राहिला तर पाण्यावर तवंग येतो आणि वास मारतो. मग ताटलीची कड मोजायची. माझ्या ताटलीची कड चार सेंटिमीटर आहे, म्हणून कॅनला तळापासून अडीच सेंटिमीटरवर भोक पाडलं. पाणी या भोकाच्या वरच्या कडेपर्यंतच चढतं. भोक ताटलीच्या कडेच्या वर गेलं तर अख्खा कॅन रिकामा होतो. माझा पहिला कॅन असाच रात्रीतून रिकामा झाला आणि सकाळी खुराड्यात चिखल.

भोक पेन्सिल आरपार जाईल एवढं ठेवा. मी आधी दाभणानं बारीक भोक पाडलं होतं. त्यातून पाणी बाहेर यायचं नाही, कारण त्याच भोकातून हवाही आत जायला लागते आणि बारीक भोकात दोघांची अडवाअडवी होते.

भरताना भोकावर बोट ठेवायचं, वरून पाणी भरायचं, झाकण गच्च पिळायचं, मग ताटलीत ठेवून बोट काढायचं. सगळा खेळ झाकणावर आहे. झाकणातून हवा शिरली की पाणी थांबत नाही. झाकण सैल वाटलं तर आत सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल चकती कापून बसवा. बाहेरच्या हवेचा दाब ताटलीतल्या पाण्यावर असतो आणि कॅनमध्ये वरून हवा येत नाही, म्हणून आतलं पाणी तोलून धरलं जातं. थोरल्याला शाळेत हा धडा होता, पण कॅन बघितल्यावर कुठं त्याला तो कळला.

दोन गोष्टी मला कुणी सांगितल्या नव्हत्या. पहिली, कॅन पातळ असेल तर नुसता उचलला तरी दबतो आणि पाणी भसकन बाहेर येतं. म्हणून जाड कॅन बघून घ्या. दुसरी गोष्ट कळायला मला अख्खा मार्च गेला. सकाळी कॅन नीट असायचा, दुपारी ताटली भरून पाणी बाहेर वाहिलेलं. भोक तपासलं, झाकण तपासलं, काही दोष नाही. मग लक्षात आलं की कॅन अर्धा झाला की वरच्या मोकळ्या जागेतली हवा उन्हानं तापून फुगते आणि पाण्याला बाहेर ढकलते. सावलीत ठेवल्यावर सगळं बंद झालं.

खालची जागा सपाट हवी. ताटली एका अंगाला कलली की त्या बाजूनं पाणी सांडतच राहतं. मी तीन विटा लावून वर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवलाय. त्यानं उंचीही पाठीच्या रेषेत येते आणि उकरलेली मातीही पडत नाही.

किती पाणी लागेल? खाद्य खाईल त्याच्या साधारण दुप्पट पाणी कोंबडी पिते. अंड्यावरची मोठी कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास धरा, उन्हाळ्यात त्याची दुप्पटही होते. माझ्या ३८ जणींना थंडीत दोन कॅन पुरतात, मे महिन्यात चार. आणि एकच मोठं भांडं ठेवण्यापेक्षा दोन-तीन लहान लांब लांब ठेवा. आमच्याकडे एक काळी कोंबडी आहे, ती पाण्याजवळ उभी राहून कुणालाच येऊ देत नाही. दुसरं भांडं कोपऱ्यापलीकडं ठेवल्यावर तिची जहागिरी संपली.

आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याकडचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. पाणी कोमट झालं की कोंबड्या प्यायच्या कमी होतात, पाणी कमी म्हणजे खाणं कमी, आणि मग अंडी. मी कॅनला गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधते आणि दिवसातून दोन-तीनदा ते ओलं करते. माठ थंड राहतो तसा कॅन थंड राहतो. शिवाय गोणपाटामुळं उजेड आत जात नाही, म्हणून शेवाळ धरत नाही. दुपारी एकच्या सुमारास मात्र ताटलीतलं पाणी ओतून नवं घालावंच लागतं.

ठिबकच्या सामानातून निपल

पोल्ट्रीचं सामान मिळतं तिथं पाणी प्यायचे निपल, म्हणजे चोचीनं टोचलं की थेंब सोडणाऱ्या तोट्या, सुटे मिळतात. मला १५ रुपयांना एक पडला होता. आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो. मी झाकणाची बादली फूट-दीड फूट उंचावर टांगली, तळाशी ठिबकचं रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी कडी) आणि टेकऑफ (नळी जोडायचा तुकडा) बसवला, तिथून १६ एमएमची लॅटरल, म्हणजे ठिबकची बारीक नळी, खाली आणून पाऊण इंची पीव्हीसी पाइपला जोडली. पाइपला निपलच्या आट्यांपेक्षा किंचित लहान भोकं पाडून, टेफ्लॉन टेप गुंडाळून निपल पिळले. निपल सरळ खाली लोंबले पाहिजेत, तिरपे झाले की गळतात. कोंबडीनं मान वर ताणून प्यावं एवढी उंची ठेवा. लॅटरलला मध्ये वर चढणारा वळसा देऊ नका, तिथं हवा अडकते आणि निपल कोरडे पडतात. पाइपच्या टोकाची कॅप मात्र सोल्युशन लावून कायमची चिकटवू नका, आट्यांची लावा. आठवड्यातून एकदा ती काढून पाइप धुवून काढता येतो.

स्वच्छ पाण्याच्या बाबतीत याला तोड नाही, थेंब सांडत नाही. पण आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं. डाळिंबाचे ड्रिपर जसे चोंदतात तसे निपलही चोंदतात. बागेच्या ठिबकला ॲसिड सोडतो तसं इथं चुकूनही करू नका. निपल काढून रात्रभर लिंबाच्या पाण्यात टाका, सकाळी जुन्या दातघाशीनं घासा. तुमचं पाणी गोडं असेल तर निपल लावा. माझ्यासारखं असेल तर कॅनच बरा, तो चोंदला तर निदान दिसतो तरी.

निपल नवे असताना कोंबड्यांना कळत नाहीत. बोटानं टिचकी मारून थेंब दाखवायचा. निपल लाल असेल तर त्या त्याकडं ओढीनं येतात. पण सगळ्या प्यायला शिकल्यात याची खात्री होईपर्यंत जुनं भांडं काढून घेऊ नका.

खाद्याची लांब पन्हाळ

तलंगा आणि अर्धवट वाढलेल्या पिल्लांना ही सगळ्यात सोयीची. चार इंची पीव्हीसी पाइपचा पाच फुटी तुकडा उभा चिरून दोन भाग करायचे. एकाच पाइपच्या दोन पन्हाळी होतात. दोन्ही टोकांना लाकडाचे अर्धगोल तुकडे खिळ्यानं बसवायचे आणि त्यांना थोडं वर वाढवायचं. चिरलेली कड पॉलिश पेपरनं घासून घ्या, ती चोचीला आणि तुऱ्याला कापते.

पन्हाळ उघडी असल्यानं कोंबड्या तिच्यावर बसतात आणि आत घाण करतात. त्यावर उपाय असा: दोन्ही टोकांच्या लाकडात आरपार तार ओवायची आणि त्या तारेत अर्धा इंची पाइपचा सैल तुकडा घालायचा, पन्हाळीच्या वर चार बोटं. कोंबडी त्यावर बसायला गेली की पाइप गरकन फिरतो आणि ती खाली. पहिल्या दिवशी आमच्या सासूबाई बाज टाकून नुसती ती गंमत बघत बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी एकही वर चढली नाही.

मोठ्या कोंबडीला तोंड घालायला साधारण १० सेंटिमीटर जागा लागते. पाच फूट म्हणजे १५० सेंटिमीटर, दोन्ही बाजू धरल्या तर ३० कोंबड्या एका वेळी खातात. पन्हाळ काठोकाठ कधी भरू नका. अर्ध्याच्या खालीच ठेवा. भरलेल्या भांड्यातून त्या चोचीनं बाजूला उडवतात आणि त्यांना हवा तो मक्याचा कण शोधतात, बारीक पेंड तशीच सोडतात.

बादली आणि घमेलं

मोठ्यांसाठी मी शेवटी यावर येऊन थांबले. कडी शाबूत असलेली पण तळ चिरलेली बादली आणि तिच्यापेक्षा चार बोटं रुंद प्लास्टिकचं घमेलं. बादलीच्या खालच्या कडेला चार बाजूंनी दीड इंची अर्धगोल भोकं कापायची. मग बादली घमेल्यात ठेवून दोन्हींच्या तळातून आरपार दोन नटबोल्ट आवळायचे, दोन्हीकडून वायसर घालून. बादलीत भरडा ओतला की भोकांतून घमेल्यात येतो, भोकापर्यंत थर चढला की थांबतो, खाल्ला की पुन्हा येतो.

हे कडीला साखळी लावून खुराड्याच्या वाशाला टांगायचं. टांगलेलं असलं की हलतं, म्हणून वर बसायला कुणी धजत नाही, आणि साखळीची एक कडी वर-खाली केली की उंची बदलते. पिल्लं वाढतात तशी मी दर पंधरा दिवसांनी एक कडी चढवते. वर मात्र झाकण हवं, नाहीतर चिमण्या आणि उंदीर जेवून जातात. भरडा फार भराभर पडतोय असं वाटलं तर भोकं आतून पत्र्याच्या पट्टीनं थोडी झाका.

हे लावल्यावर मी पुन्हा पोतं अंथरून मोजलं. अडीच किलोत जेमतेम दोन मुठी सांडलं होतं.

उभ्या पाइपचं खाद्यभांडं

चार इंची पाइप उभा, खाली एल्बो (वळणाचा जोड), वर टोपी. मोबाइलवरच्या व्हिडिओत हे फार देखणं दिसतं. मीही भावाकडून दोन करून घेतले. अख्खा मका किंवा गोळी खाद्य असेल तर छान चालतं. पण घरचा दळलेला भरडा असेल तर पावसाळ्यात आतल्या आत गच्च बसतो. वर पाइप भरलेला, खाली एल्बो रिकामा, आणि कोंबड्या आपल्या तोंडाकडं बघत उभ्या. रोज येता-जाता पाइपवर थापट्या मारायला लागतात. त्याहून वाईट म्हणजे तळाशी जुना भरडा साचतो, त्याला ओल लागते आणि बुरशी धरते. बुरशी लागलेला मका कोंबडीच्या यकृतावर जातो, जनावरालाही घालू नये, सरळ पुरून टाकावा. माझा एक पाइप आता शिंपल्याच्या चुऱ्याला वापरते. तो ओला होत नाही, गच्च बसत नाही, आणि अंड्यावरची कोंबडी अंड्याच्या कवचासाठी तिला लागेल तेवढा स्वतः टिपून खाते. ज्यांच्याकडं पाइप नाही त्यांनी नारळाची करवंटी भिंतीला खिळून त्यात शिंपला घातला तरी तेच.

धुणं आणि रात्रीची व्यवस्था

पाण्याच्या ताटल्या रोज सकाळी घासायच्या, राख आणि काथ्यानं घासल्या तरी चालतं. बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर कालचं घासणं कमी पडलं. आठवड्यातून एकदा कॅनमध्ये मूठभर खडी आणि पाणी घालून खळखळवा, ब्रश पोचत नाही तिथलं निघतं.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस पाण्यातून द्यायची असेल त्या दिवशी मात्र वेगळा हिशोब. लस जिवंत असते. त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर नको, भांड्याला साबण राहिलेला नको, पत्र्याचा डबा नको. त्यासाठी मी दोन कॅन बाजूला राखून ठेवलेत, ते नुसत्या पाण्यानं धुते. आधी एक-दोन तास पाणी काढून घ्यायचं, म्हणजे सगळ्या तहानेनं एकदम पितात, आणि मग लिटरला पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळून लसीचं पाणी ठेवायचं. ते दोन तासांत संपलं पाहिजे. इथं ताटल्या जास्त लागतात, नाहीतर काळी कोंबडी सगळ्यांची लस एकटी पिऊन बसेल. लसीचं प्रमाण आपल्या जनावरांच्या डॉक्टरांनाच विचारा.

दिवस मावळला की कोंबड्या खात नाहीत, पीत नाहीत. तरी मी बरेच दिवस बादली रात्रभर टांगून ठेवायची, सकाळी भरायचे कष्ट नकोत म्हणून. एका रात्री बॅटरी मारली तर साखळीवरून उंदीर उतरत होता. आता कोंबड्या आत गेल्या की बादली काढून घरात आणते आणि साखळीवर तेलाच्या डब्याचं गोल झाकण मध्ये भोक पाडून ओवून ठेवलंय. उंदीर तिथवर येतो आणि परत वर जातो.